गेटबाहेरचे एकोणीस दिवस

कोविडनंतर सप्लाय चेनवर कुठेही बोलणं निघालं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो जस्ट इन टाइम, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणायचा, ते संपलं, वाया जाणारं काम छाटणारं लीन काय नि दोष कमी करणारं सिक्स सिग्मा काय, हे सगळं जग शांत होतं तेव्हाचे लाड होते, आता कशाचाच भरवसा नाही तेव्हा गोडाऊन भरा आणि निवांत झोपा. दुसरा तट म्हणतो साठा म्हणजे अडकलेला पैसा, ज्यांना प्रोसेस जमत नाही तेच साठा करतात. मागच्या महिन्यात भोसरीतल्या आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांच्या बैठकीत हाच वाद दीड तास चालला, आणि त्या दीड तासात एकाही माणसाने हे विचारलं नाही की माल नक्की थांबतो कुठे, किती दिवस थांबतो आणि त्या थांबण्याचे पैसे कोण भरतं. ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साठा किती ठेवायचा हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की साखळीच्या एका टोकाला काही बदललं तर ती खबर दुसऱ्या टोकाला किती दिवसांनी पोचते, आणि खबर पोचल्यावर माल हलायला किती दिवस लागतात. रोजच्या छोट्या सुधारणांचं कायझेन म्हणा, लीन म्हणा, सिक्स सिग्मा म्हणा, या पद्धती याच दोन आकड्यांवर काम करायला सगळ्यात जास्त उपयोगी आहेत. आपण मात्र त्या फक्त आपल्या कंपाउंडच्या आत वापरल्या, आतला पसारा गेटबाहेर ढकलला, जो वाट बघेल त्याला वाट बघू दिली, आणि जग हललं तेव्हा म्हणायला लागलो की पद्धतच खोटी होती.

उदाहरण घरचंच देतो. आम्ही एक ब्रॅकेट बनवतो, तळहाताएवढा. तो चाकणजवळच्या एका मोठ्या सप्लायरकडे जातो, तिथे असेंब्लीत बसतो आणि पुढे कंटेनरमधून परदेशी जातो. शीट कापायची, पंचिंग, बेंडिंग, दोन वेल्ड, मग जॉबवर्कला बाहेर झिंक प्लेटिंग, परत आल्यावर तपासणी आणि पॅकिंग, एवढंच काम. एकदा मी आणि आमचा सुपरवायझर घड्याळ आणि वही घेऊन एकाच क्रेटच्या मागे लागलो, ती जाईल तिथे आम्ही. एका नगावर प्रत्यक्ष हात किंवा मशीन लागण्याचा वेळ, प्लेटिंगच्या टाक्यांमधला वेळ धरूनसुद्धा, दीड तासाच्या आतच भरला. आणि शीट आमच्याकडे उतरल्यापासून माल ग्राहकाच्या इनवर्डला, म्हणजे माल ताब्यात घेतात तिथे, जाईपर्यंत लागले एकोणीस दिवस. पंचिंगच्या आधी चार दिवस, कारण डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला अडीच तास जातात म्हणून आम्ही एकदमच महिन्याचा लॉट मारायचो. प्लेटिंगवाल्याकडे सहा दिवस, कारण त्याच्याकडे पंधरा जणांचा माल असतो आणि जो फोनवर जास्त ओरडतो त्याचा आधी टाकीत जातो. तपासणीच्या टेबलाखाली दोन दिवस. ग्राहकाच्या गेटवर आमचा छोटा हत्ती सकाळी सहाला लागला तो दुपारी तीनला आत गेला. आणि त्याच्याही आधी तीन दिवस तो माल ग्राहकाच्या कंपनीशेजारी आम्ही भाड्याने घेतलेल्या गाळ्यात पडून होता, कारण ग्राहकाचं जस्ट इन टाइम म्हणजे मेल आल्यापासून दोन तासांत माल दारात, आणि भोसरीहून चाकणचं ट्रॅफिक बघता दोन तासांचा शब्द देणं म्हणजे माल त्यांच्या शेजारी आणून ठेवणं, भाडंही आमचं आणि व्याजही आमचं. त्यांच्या ताळेबंदात साठा शून्याजवळ दिसतो, त्याबद्दल त्यांना बक्षीसंही मिळालीत, पण साखळीतला साठा एका नगाने कमी झालेला नाही, फक्त तो दुसऱ्याच्या नावावर गेलाय.

आता हे जे आहे त्याला टोयोटाने जस्ट इन टाइम म्हटलं असतं का? ही पद्धत टोयोटात उभी करणारे ताइइची ओनो मूळचे कापडाच्या कारखान्यातले, १९३२ साली टोयोटा काढणाऱ्या तोयोदांच्या सूतगिरणीत लागलेले. त्या घराण्याच्या साकिची तोयोदांनी १९२४ साली आणलेल्या स्वयंचलित मागाचं वैशिष्ट्य काय होतं, तर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. म्हणजे बिघाड झाला की लपवायचा नाही, तिथल्या तिथे थांबायचं आणि सगळ्यांना दिसू द्यायचं. साठा कमी करणं हे त्याच विचाराचं पुढचं पाऊल होतं. साठा कमी केला की कुठे दुखतंय ते कळतं, मग ते बरं करायचं, मग अजून थोडा कमी करायचा. आपण दुखतंय ते बरं करायची पायरी गाळली आणि साठा कापायची पायरी तेवढी ठेवली, तीही मार्च एंडला. साखर कमी करा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर जेवणच बंद करावं आणि चक्कर आली की डॉक्टरांना नावं ठेवावीत, तसला हा प्रकार.

१ फेब्रुवारी १९९७ ची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, कारण दोन्ही तट ती आपापल्या बाजूने वापरतात. जपानमधल्या कारिया गावात आइसिन सेइकीच्या कारखान्याला पहाटे आग लागली. ब्रेकच्या सिस्टीममधला पी-व्हॉल्व्ह नावाचा छोटासा भाग तिथे व्हायचा, टोयोटाच्या गाड्यांसाठी लागणारे जवळजवळ सगळेच व्हॉल्व्ह तिथलेच. टोयोटाकडे साठा काही तासांचा. दोन-तीन दिवसांत जपानमधले त्यांचे बहुतेक सगळे प्लांट बंद. बघा, साठा नव्हता म्हणून मेले, असं पहिला तट म्हणतो, आणि एवढं खरंच आहे. पण पुढे काय झालं? दोनशेच्या आसपास कंपन्या, ज्यातल्या बऱ्याच जणांनी असा व्हॉल्व्ह आयुष्यात कधी केला नव्हता, आइसिनची ड्रॉइंग घेऊन कामाला लागल्या. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व्ह केले. चार-पाच दिवसांत पहिले चांगले नग आले आणि दुसऱ्या आठवड्यात उत्पादन जवळपास पूर्ववत. कुणी काय करायचं, पैसे किती मिळणार, याचे करार करत बसले नाहीत. हे कशाच्या जोरावर जमलं? वर्षानुवर्षं एकमेकांच्या शॉपफ्लोअरवर जाऊन एकमेकांच्या अडचणी सोडवल्या होत्या म्हणून. कोणाकडे कुठलं मशीन आहे, कोणाचा माणूस किती पाण्यात आहे, हे आधीच माहीत होतं. आपल्याकडे उद्या माझ्या प्लेटिंगवाल्याकडे आग लागली तर माझ्या ग्राहकाला तो प्लेटिंगवाला कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा माहीत नाही.

विरोधी बाजूचं जे बळकट आहे ते मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवं. एक, स्वतः टोयोटाने साठा ठेवायला सुरुवात केली. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर त्यांनी सप्लायरच्या सप्लायरपर्यंत नकाशा काढला आणि चिपसारख्या मिळायला वेळ लागणाऱ्या मालाचा दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरना ठेवायला लावला. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला बाकीचे कार कारखाने चिपवाचून बंद पडत असताना टोयोटा चालू राहिली. आणि तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनासुद्धा जगभरातलं उत्पादन चाळीस टक्के कापायला लागलं. म्हणजे नुसतं लीन अपुरं, आणि साठ्यालाही अंत आहे. दोन, काही संकटांपुढे प्रोसेस सुधारणा काहीच करू शकत नाही. एव्हर गिव्हन हे चारशे मीटरचं जहाज २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये आडवं झालं तेव्हा तुमच्या कारखान्यात फाइव्ह एसची आवराआवर किती झकास होती याचा काय उपयोग? ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ खनिजं आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला, तेव्हा आपल्याकडचे इलेक्ट्रिक गाड्यावाले हातात फॉर्म घेऊन परवान्याची वाट बघत बसले. तिथे कानबानचं, म्हणजे माल संपला की नवा मागवणारं, कार्ड चालत नाही. तीन, लीनच्या नावाखाली माणसं कमी करणं हा आपल्याकडचा सर्रास अनुभव आहे, आणि ज्याच्या शेजारचा ऑपरेटर कायझेनमुळे घरी गेला त्याने पुढची सूचना का द्यावी? सिक्स सिग्माचंही असंच झालं. १९८६ साली मोटोरोलाने हे सुरू केलं तेव्हा दहा लाखांत ३.४ दोष हा ध्यास होता, आता बऱ्याच ठिकाणी तो भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा आणि बेल्टच्या रंगाचा विषय झालाय. कामगार हे सगळं ऐकून कंटाळलेत यात त्यांचा काहीही दोष नाही.

एवढं सगळं मान्य करूनही गोडाऊन भरा हा सल्ला मला पटत नाही. मॅग्नेटचंच घ्या. तो लहान असतो, नासत नाही, जागा खात नाही, आणि बहुतेक करून येतो एकाच देशातून. तिथे सहा महिन्यांचा साठा ठेवावा, न ठेवणं हा हलगर्जीपणा. पण तोच नियम सीटच्या फोमला लावून बघा, जो भरपूर जागा खातो आणि वीस किलोमीटरवर बनतो. किंवा द्राक्षाला लावा. नाशिकच्या द्राक्षाचा कसला साठा करणार? तोडल्यानंतर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे गार करायच्या खोलीत, गेली नाहीत तर घड मऊ पडतो, देठ सुकतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि रॉटरडॅमला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, तेव्हा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास वाढला. त्या २०२४ च्या सीझनमध्ये ज्यांचा माल चांगला उतरला त्यांनी काय केलं असेल? तोडणी पहाटे उरकणं, पॅकहाऊसमध्ये ट्रॅक्टर उभा न ठेवणं, प्रीकूलिंगची खोली गच्च न भरणं, पेटीत सल्फर डायऑक्साइडचं पॅड नीट लावणं, कंटेनर भरताना दार उघडं ठेवून गप्पा न मारणं. समुद्रावरचे वाढलेले दोन आठवडे शेतकऱ्याच्या हातात नाहीत, पण तोडणीपासून गारव्यापर्यंतचे सहा तास आहेत, आणि पुढचे पस्तीस-चाळीस दिवस फळ तग धरणार की नाही हे बरंचसं त्या सहा तासांत ठरतं.

द्राक्षाचीच अजून एक गोष्ट आहे, माझ्या मुद्द्याला अगदी नेमकी. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये औषधाचे अंश सापडले, त्यातून धडा घेऊन पुढे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही यंत्रणा उभी केली, बागेचा प्लॉट नोंदवायचा, नमुना तपासायचा, पेटीपासून मागे प्लॉटपर्यंत माग काढता आला पाहिजे. सुंदर काम, शेतीत एवढं शिस्तीचं काम आपल्याकडे फार कमी झालंय. आणि तरी २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे कंटेनर अडकले. का? कारण ते रसायन इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. आपल्या गेटवर माल पास, त्यांच्या गेटवर नापास. यात कुणी कामचुकारपणा केला असं नाही, पलीकडच्या टोकाला काय बघतात ती खबर अलीकडच्या टोकाला वेळेवर पोचली नव्हती. या अडचणीवर जास्त साठा हा उपाय असू शकतो का? जास्त साठा असता तर जास्त कंटेनर अडकले असते. यादी सुधारली, तपासणी सुधारली, आणि निर्यात परत उभी राहिली.

साठ्याची बाजू घेणारे अजून एक गोष्ट विसरतात. प्रत्येक जण आपापला जादा साठा करायला लागला की मागणीचं चित्रच खोटं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या कामातून १९६० च्या सुमारास बिअर गेम नावाचा खेळ तयार झाला, दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार माणसं बसवायची, बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच वाढते आणि मग तशीच राहते, तरी कारखान्यापर्यंत पोचेपर्यंत ऑर्डरच्या लाटा उठतात, आधी टंचाई आणि मग डोंगराएवढा माल. मी स्वतः हा खेळ खेळलोय आणि आमच्या टेबलावर चांगली अनुभवी माणसं होती, तरी तेच झालं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हेच पॅम्पर्सच्या बाबतीत दिसलं होतं, बाळांची गरज दर आठवड्याला जवळपास सारखी, पण कच्च्या मालाच्या ऑर्डरी बघाव्यात तर वर-खाली वर-खाली. कोविडनंतर अमेरिकेत तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. माल मिळत नाही म्हणून जास्तीच्या ऑर्डरी टाकल्या, आणि २०२२ च्या पहिल्या तिमाहीअखेर टार्गेटचा साठा आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्क्यांनी आणि वॉलमार्टचा ३२ टक्क्यांच्या आसपास वाढलेला. जूनमध्ये टार्गेटने जाहीरच केलं की माल स्वस्तात काढणार आणि ऑर्डरी रद्द करणार. रद्द झालेली ऑर्डर शेवटी कुणाच्या अंगावर येते? जो कापड घेऊन बसलाय, ज्याने ओव्हरटाइम लावून शिवलंय, त्याच्या. म्हणजे साठा करणाऱ्याचीही किंमत शेवटी गेटबाहेरचाच भरतो.

आपल्या इतिहासात याची दोन्ही टोकं आहेत आणि ती शाळेत लढाई म्हणून शिकवतात, रसद म्हणून शिकवत नाहीत. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, मार्चपासून कित्येक महिने किल्ला झुंजत राहिला. पन्हाळ्यावर गेलात तर अंबारखाना बघा, त्या धान्याच्या कोठारांच्या भिंतींची जाडी बघा. आणि त्याच शिवाजी महाराजांचं सैन्य जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर गेलं तेव्हा वेगाने गेलं, कारण सोबत लवाजमा नव्हता. गडावर साठा आणि मैदानात वेग. यात कुणाला विरोध वाटला का? जिथे वाट बंद होऊ शकते तिथे भरून ठेवायचं आणि जिथे हलायचं आहे तिथे ओझं नको. याच्या शंभर वर्षांनी पानिपतावर उलटं झालं. भाऊंसोबत बाजारबुणगे आणि यात्रेकरू धरून अफाट माणूस, ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मध्ये आला आणि दिल्लीची वाट तुटली, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि त्यानंतर दुसरा कुणी ती रसद चालवू शकला नाही. १४ जानेवारीला जी माणसं लढायला उतरली ती उपाशी होती. एकाच माणसावर आणि एकाच वाटेवर टांगलेली साखळी, असं आज आपण त्याला म्हणू. तिथे किती साठा पुरला असता? एवढ्या तोंडांना पुरेल असा साठा छावणीत ठेवताच आला नसता. दुसरी वाट आणि पुढची खबर हवी होती.

ऑक्सिजनचं आठवतंय ना? एप्रिल २०२१. त्या दिवसांत ज्यांनी सिलिंडरसाठी फोन फिरवलेत त्यांना हे वाचतानाही त्रास होईल, मलाही लिहिताना होतोय. तेव्हा पूर्वेकडच्या स्टील प्लांटमध्ये द्रवरूप ऑक्सिजन होता. माणसं महाराष्ट्रात आणि दिल्लीत गुदमरत होती. कमी पडत होते ते अतिथंड द्रव नेणारे क्रायोजेनिक टँकर आणि त्यांच्या फेरीचा वेळ. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वॅगनवर चढवून विशाखापट्टणमला निघाले, घाटातल्या उंचीच्या मर्यादेमुळे ती गाडी वसईमार्गे लांबून न्यायला लागली, तिथून भरून आलेले टँकर नागपूर आणि नाशिकला उतरले. काही दिवसांत हवाई दल रिकामे टँकर विमानाने प्लांटकडे नेऊन सोडायला लागलं. भरलेला टँकर विमानात नेता येत नाही पण रिकामा येतो, म्हणजे परतीची फेरी तासांवर आली आणि आहे त्याच टँकरच्या जास्त फेऱ्या व्हायला लागल्या. हे ज्या कुणाला सुचलं त्याने अडलेली जागा ओळखली होती. दर हॉस्पिटलने महिन्याचा ऑक्सिजन साठवावा असा सल्ला त्या आठवड्यात कुणाच्या काय कामाचा होता? हॉस्पिटलमधल्या टाक्या मोठ्या असायला हव्या होत्या, हे खरंच, आणि नंतर प्लांटही बसवले गेले. पण त्या आठवड्यात जीव वाचवायला उपयोगी पडली ती फेरी कमी करण्याची अक्कल.

अडलेली जागा ऑफिसात बसून दिसत नाही, ओनोंचा सगळा जोर याच गोष्टीवर होता की जागेवर जा आणि उभे राहून बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांसमोर जहाजांची रांग लागलेली असताना फ्लेक्सपोर्ट या मालवाहतूक कंपनीचे प्रमुख रायन पीटरसन बोटीतून बंदर बघून आले. त्यांना दिसलं की क्रेन बऱ्याच रिकाम्या उभ्या आहेत, यार्ड मात्र गच्च, आणि ट्रकच्या चॅसिसवर, म्हणजे कंटेनर ओढायच्या सांगाड्यावर, रिकामे कंटेनर बसलेले, ते उतरवायला जागा नाही म्हणून नवीन माल न्यायला चॅसिस नाही. आणि शहराचा नियम असा की बंदराबाहेरच्या यार्डांत कंटेनर दोनच्या वर एकावर एक रचायचे नाहीत, का तर दिसायला बरं दिसत नाही. त्यांनी हे लिहिलं आणि त्याच दिवशी लाँग बीचने तात्पुरते चार रचायची परवानगी दिली. त्याने रांग संपली असं मी म्हणणार नाही, जानेवारी २०२२ मध्ये ती १०९ जहाजांपर्यंत गेली होती. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२१ मध्येच, अजून एक बदल झाला होता, तोपर्यंत नंबर लावायला जहाजाला बंदराजवळ यावं लागायचं, म्हणून सगळे धावत येऊन किनाऱ्यावर गर्दी करायचे, मग मागच्या बंदरातून निघाल्याच्या वेळेवरून नंबर द्यायला लागले आणि जहाजं सावकाश यायला लागली. एक पैशाचं बांधकाम नाही, फक्त नंबर लावायची पद्धत बदलली. रांग पूर्ण जायला त्याच्यापुढे वर्ष लागलं, त्याला मागणी उतरणं हेही कारण होतं, आणि प्रोसेस सुधारणेची बाजू घेणाऱ्यांनी हे लपवू नये.

आपल्या न्हावा शेवाला हीच नजर वापरून कस्टम्सवाले टाइम रिलीज स्टडी करतात, जहाज आल्यापासून माल सुटेपर्यंत कुठल्या टप्प्यावर किती तास गेले ते मोजतात, आणि डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीमुळे बराच माल बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला न थांबता थेट कारखान्यात जायला लागला. चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. पण हा अभ्यास जहाज आल्यापासून सुरू होतो आणि कस्टम्सचा शिक्का पडला की थांबतो. त्या पुढचा ट्रक ड्रायव्हर कोण मोजतं? तो कळंबोलीला किती तास थांबला, चाकणला कंपनीच्या गेटबाहेर किती तास, अंघोळ कुठे केली, गाडीखाली झोपला की केबिनमध्ये, हे कुठल्याच कंपनीच्या डॅशबोर्डवर नाही, कारण त्या वेळेचे पैसे कंपनीला पडत नाहीत. ज्याची किंमत आपल्याला द्यावी लागत नाही ते आपण मोजतच नाही आणि मोजत नाही ते सुधारत नाही. त्या ड्रायव्हरचे थांबलेले तास तासाला अमुक रुपये या भावाने ग्राहकाच्या नावावर लिहायला सुरुवात करा, इनवर्डला तिसरा माणूस आणि दुसरा वजनकाटा महिन्याच्या आत येईल.

आणि पैसे. यावर बोललं की बैठकीत लोक विषय बदलतात, पण सगळ्यात मोठी वेस्टेज इथे आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं लिहिलंय, १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं कलम ४३बी(एच) आलं, वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. हेतू उत्तम. प्रत्यक्षात कुणी वेळेवर द्यायला लागलं, कुणी आमच्यासारख्यांना तुम्ही लहान आहात असं लिहून देऊ नका म्हणायला लागलं. मला सांगा, ज्याचे पैसे नव्वद दिवस अडकलेत तो प्लेटिंगवाला दुसरी टाकी घेणार कशी? डाय लवकर बदलायचं फिक्स्चर मी कशातून करणार? ग्राहकाची माणसं ऑडिटला येतात, कायझेन किती केले ते विचारतात, आणि मी जो कायझेन करू शकलो असतो त्याचे पैसे त्यांच्याच अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये तीन महिने पडून असतात. ते तीन महिने हासुद्धा साठाच आहे, फक्त तो क्रेटमध्ये दिसत नाही. कुणी म्हणेल हा व्यवहार आहे, मोठा मासा असाच वागणार. असेल. पण मग त्याला जस्ट इन टाइम म्हणू नका आणि उद्या साखळी तुटली की पद्धतीला दोष देऊ नका.

गेल्या वर्षी ग्राहकाच्या प्लॅनिंगमध्ये एक नवीन मुलगा आला. ब्रॅकेट का उशिरा येतो म्हणून फोनवर माझ्याशी भांडत होता, मी म्हटलं तू येच एकदा, मी दाखवतो. आला. आमच्याकडे डाय बदलताना अडीच तास शेजारी उभा राहिला, मग मी त्याला प्लेटिंगवाल्या काकांकडे घेऊन गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ॲसिडच्या वासाने त्याचे डोळे चुरचुरायला लागले, तरी थांबला. भिंतीला लागून धूळ बसलेल्या क्रेट होत्या, प्लेटिंग झालेल्या, टॅग लावलेल्या. त्याने विचारलं, "काका, हा कोणाचा माल?" काका म्हणाले, "तुमचाच की साहेब. जानेवारीत अर्जंट अर्जंट म्हणून रात्री बसून करून घेतला, मग शेड्यूल बदललं म्हणाले, न्यायला कोणीच आलं नाही. त्याच्यापायी दुसऱ्यांचा माल मागे राहिला." त्या मुलाने टॅगचे फोटो काढले आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या सोमवारपासून पाच पार्टचा त्यांच्या लाइनवरचा रोजचा खरा खप तो आम्हाला आणि काकांना एकाच मेसेजमध्ये पाठवायला लागला, दोन आठवड्यांचं शेड्यूल हलवायचं नाही एवढं त्याने त्याच्या वरच्यांकडून कबूल करून घेतलं. आम्ही डाय बदलायचा वेळ अडीच तासांवरून पन्नास मिनिटांवर आणला आणि महिन्याचा लॉट आठवड्यावर. चाकणचा गाळा सोडला नाही, उलट विचार करून त्यात दोन दिवसांचा माल मुद्दाम ठेवलाय, कारण ट्रॅफिकचा खरंच भरवसा नाही. एकोणीसचे अकरा दिवस झालेत. गेटवरचे नऊ तास अजून तसेच आहेत, आणि पेमेंट अजून नव्वद दिवसांनीच येतं.